लांडगा कुणाला म्हणायचं?

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या विम्याबद्दल बोललो होतो. आज बोलायचंय ते शेळी नेणाऱ्याबद्दल. लांडगा, कोल्हा, कुत्रा ही सगळी एकाच भावकीतली मंडळी. त्यांच्यातला फरक माणसानं कसा ओळखला, कुठे चुकला आणि ती चूक कशी उघडकीला आली, याची ही जवळजवळ अडीचशे वर्षांची हकिगत आहे.

हा विषय आम्ही काही हौसेनं काढलेला नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या गटातल्या एका मावशींच्या दोन शेळ्या एका रात्रीत गेल्या. त्यातली एक गाभण होती. दोन्ही गटाच्या कर्जातून घेतलेल्या, निम्मे हप्ते अजून फिटायचे होते. आम्ही सकाळी पोहोचलो तेव्हा मावशी गोठ्याच्या कुडाला टेकून बसल्या होत्या. म्हणाल्या, "लांडगाच होता ताई. मी आवाज ऐकलाय." पंचनाम्याला आलेल्या साहेबांनी जखमा पाहिल्या, आजूबाजूची माती पाहिली आणि म्हणाले, "कुत्र्यांचं काम दिसतंय." कागदावर कुत्रे लिहिलं गेलं.

आता तुम्हाला ठाऊकच आहे, लांडग्यानं जनावर मारलं तर वन विभागाकडून भरपाई मिळते. मोकाट कुत्र्यांनी मारलं तर नाही. एका शब्दाचा फरक, पण मावशींच्या घरात त्या शब्दाची किंमत दोन शेळ्या आणि पोटातली करडं एवढी होती. पुढच्या बैठकीत सगळ्यांचा एकच प्रश्न होता. मुळात हे ओळखतात कसं? दातांवरून? पायावरून? आणि ओळखणाऱ्याचं चुकलं तर? तेव्हापासून आम्ही विचारत, वाचत राहिलो. जे हाती लागलं ते आज सांगतोय.

आधी आपल्या माळावरची मंडळी बघू. लांडगा, कोल्हा, खोकड आणि कोळसून, ज्याला कुणी रानकुत्रा म्हणतं. हे चौघंही कुत्र्याच्या कुळातले. तरस मात्र यांच्यातला नाही. तोंड कुत्र्यासारखं दिसत असलं तरी त्याचं नातं मांजर-मुंगसाच्या बाजूला जातं. धनगराच्या म्हाताऱ्या बाईला विचारा, अंधारात नुसत्या ओरडण्यावरून ती यातला कोण ते सांगेल. पण पुस्तकात नाव लिहायची वेळ आली की गोष्टी अवघड होतात.

जगातल्या सगळ्या प्राण्यांना दोन शब्दांचं शास्त्रीय नाव द्यायची पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियस यांनी १७५८ साली रूढ केली. लांडग्याला त्यांनी नाव दिलं कॅनिस लुपस, कोल्ह्याला कॅनिस ऑरियस, म्हणजे सोनेरी कुत्रा. त्यांच्या डोळ्यापुढचा लांडगा होता तो युरोपातला. अंगानं मोठा, दाट केसांचा, बर्फात राहणारा. आपल्या उन्हातला सडपातळ, आखूड केसांचा लांडगा त्यांनी कशाला पाहिला असेल!

आपल्याकडच्या लांडग्याची नोंद झाली ती १८३१ साली. विल्यम हेन्री साइक्स नावाचे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अधिकारी होते. पेशवाई बुडाल्यावर मुंबई सरकारनं दख्खनच्या मुलखाची मोजदाद करायचं काम त्यांच्याकडे दिलं. गावं किती, घरं किती, पिकं कोणती, वजनंमापं काय, हे सगळं लिहीत ते फिरले. फिरता फिरता पक्षी आणि जनावरंही गोळा केली, आणि लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी ठेवली. त्या यादीत आपल्या लांडग्याला त्यांनी स्वतंत्र जात मानून नाव दिलं कॅनिस पॅलिपेस, म्हणजे फिकट पायांचा. म्हणजे आपला माळावरचा लांडगा जगाच्या पुस्तकात गेला तो दख्खनमधून, आपल्याच भागातून.

त्याच यादीत कोळसूनही होता. साइक्सनी त्याला दख्खनचा कुत्रा अशा अर्थाचं नाव दिलं आणि शेजारी मराठ्यांचा कोळसून असं लिहून ठेवलं. कुणा खेड्यातल्या माणसानं सांगितलेला शब्द इंग्रजी कागदावर तसाच उतरला. पुढे कळलं की हाच प्राणी वीस वर्षं आधी रशियाकडच्या डोंगरातून दुसऱ्या नावानं नोंदला गेला होता, त्यामुळे दख्खनचं नाव मागे पडलं. ते योग्यच झालं. कोळसून ओळखायला तसा सोपाही आहे. कुत्र्याला आणि लांडग्याला ४२ दात असतात, कोळसुनाला ४०. आणि त्याच्या मादीला आचळं कुत्रीपेक्षा जास्त. अशा खुणा असल्या की वाद राहत नाही.

लांडग्याचं तसं नव्हतं. १८४७ साली ब्रायन हॉजसन यांनी तिबेटच्या लोकरदार लांडग्याला वेगळी जात म्हणून नाव दिलं. पण पुढे लंडनच्या संग्रहालयात कातडी आणि कवट्या शेजारी शेजारी मांडून बघणाऱ्यांना वाटायला लागलं की हे सगळे एकाच लांडग्याचे प्रकार आहेत. १९४१ साली रेजिनाल्ड पोकॉक यांनी भारतातल्या प्राण्यांवरचा मोठा ग्रंथ लिहिला. त्यात आपला लांडगा आणि तिबेटचा लांडगा, दोघंही युरोपातल्या लांडग्याच्या नावाखाली पोटजाती म्हणून बसवले गेले. सासरी आलेल्या सुनेचं नाव बदलावं, तसं.

यात पोकॉकना दोष द्यावा असं आम्हाला वाटत नाही. त्यांच्यापुढे होती ती वाळलेली कातडी आणि हाडं. पण एकदा मोठ्या नावाखाली बसवलं की पुढे काय होतं बघा. जगात लांडगे पुष्कळ आहेत, कॅनडात आहेत, रशियात आहेत. मग आपल्या माळावरचे कमी झाले तर कुणाला काय वाटणार? आणि कमी तर ते होतच होते. इंग्रजांच्या राजवटीत लांडगा मारून आणला की सरकारी बक्षीस मिळे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी अशा नोंदींवरून अंदाज केला आहे की १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशात दोन लाखांच्या वर लांडगे मारले गेले. वाघांचा आकडा ८० हजारांच्या वर आहे. वाघांचं दुःख सगळ्यांना माहीत आहे. लांडग्यांची गणती कुणी सांगत नाही.

आता कवटी आणि कातड्याच्या पलीकडे बघायची सोय कशी झाली ते सांगतो. हा भाग जरा सावकाश ऐका.

आपल्या अंगात, शेळीच्या अंगात, लांडग्याच्या अंगात, प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा बारीक धागा असतो. त्यावर चार अक्षरांत सगळा मजकूर लिहिलेला असतो, केस कसे, दात किती, रंग कोणता. पिल्लू जन्माला येताना या मजकुराची नक्कल होते. आणि नक्कल म्हटली की चूक आली. पूर्वी पोथ्या हातानं उतरवत, तेव्हा एखादं अक्षर चुकायचं, आणि त्या प्रतीवरून पुढे जितक्या प्रती निघतील त्या सगळ्यांत ती चूक उतरायची. एकनाथ महाराजांनी १५८४ साली ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला तो अशाच वेगवेगळ्या प्रती ताडून. दोन पोथ्यांत सारख्याच चुका सापडल्या, तर त्या एकाच प्रतीवरून उतरलेल्या. चुका वेगळ्या आणि पुष्कळ, तर त्यांची वाट फार पूर्वीच वेगळी झाली. डीएनएचं वाचन हेच करतं. अक्षरांतले फरक मोजायचे, आणि त्यावरून कोण कुणापासून किती वर्षांपूर्वी वेगळा झाला याचा हिशेब काढायचा.

त्यात एक गंमत आहे, ती खास आपल्यासाठी. पेशीत जशी एक चूल असते, ताकद तयार करणारी. तिला मायटोकॉन्ड्रिया म्हणतात. तिचा स्वतःचा छोटासा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. लेकीला आईकडून, आईला आजीकडून, आजीला पणजीकडून. बापाचा त्यात हात नाही. सातबारावर बाईचं नाव लागायला किती झगडावं लागतं ते आपण जाणतो, पण हा एक उतारा असा आहे की त्यावर नुसती बायकांचीच नावं आहेत. जुन्या कातड्यातूनही हा डीएनए मिळवणं सोपं जातं, कारण एका पेशीत त्याच्या पुष्कळ प्रती असतात. म्हणून शास्त्रज्ञांनी सुरुवात त्यापासून केली.

२००३ आणि २००४ साली भारतातल्या लांडग्यांवर असे अभ्यास प्रसिद्ध झाले. एक हैदराबादच्या पेशी आणि रेणू जीवशास्त्राच्या संस्थेतून. दुसरा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेतल्या यादवेंद्रदेव झाला यांनी अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर केलेला. या दुसऱ्या अभ्यासात सपाटीवरच्या भारतातले ४५ लांडगे आणि हिमालय-तिबेटकडचे २३ लांडगे यांचा आईकडचा मजकूर वाचला गेला. काही नमुने ताजे, काही जुन्या संग्रहातले. आपल्या ४५ लांडग्यांत फक्त चार प्रकारचा मजकूर सापडला आणि तो चारही प्रकारांत एकमेकांच्या जवळचा होता. जगातल्या बाकीच्या लांडग्यांशी तो जुळत नव्हता. हिशेब निघाला, आपल्या लांडग्यांची आईकडची वाट ४ लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळी झाली असावी. हिमालयातल्या एका शाखेची तर ८ लाखांहून अधिक.

म्हणजे साइक्सनी नुसत्या डोळ्यांनी पाहून त्याला वेगळं म्हटलं होतं, ते अगदीच हवेतलं नव्हतं.

त्याच अभ्यासात भारतातले ३७ कुत्रेही तपासले होते. आपल्या लांडग्यांचा आईकडचा मजकूर त्यातल्या एकाही कुत्र्यात सापडला नाही. आम्हाला वाटायचं, आपल्या दारातला कुत्रा म्हणजे आपल्याच माळावरच्या लांडग्याचं माणसाळलेलं पोर. तसं दिसत नाही. त्याचे पूर्वज दुसरीकडचे लांडगे असावेत, आणि तो माणसाबरोबर चालत इथं आला.

पण आईकडचा उतारा म्हणजे अख्खं घराणं नव्हे. २०२१ साली आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चार भारतीय आणि दोन तिबेटी लांडग्यांचा संपूर्ण डीएनए वाचून इतर ३१ जनावरांच्या डीएनएशी ताडला गेला. या वाचनात दिसलं की आपले लांडगे आणि तिबेटी लांडगे एकमेकांपासूनही वेगळे आहेत आणि युरोप, रशिया, अमेरिकेत पसरलेल्या लांडग्यांपासूनही. वाटेत शेजारच्या लांडग्यांशी थोडी मिसळ झालेली आहे, त्यामुळे मजकुराची काही पानं एक सांगतात आणि काही दुसरं. कोणत्या पानांत मिसळ कमी उतरते हे हुडकून ती वेगळी वाचावी लागली. तरी एवढं नक्की झालं की आज जगात हयात असलेल्या लांडग्यांत आपली शाखा फार जुन्या शाखांपैकी आहे. आणि ती सांभाळणारे लांडगे देशात उरलेत सुमारे तीन हजार. वाघांच्या संख्येहून फार वेगळा आकडा नाही हा, आणि लांडग्याला सहसा राखीव जंगलही नसतं. तो राहतो आपल्या गायरानात, पडीक माळावर, मेंढ्यांच्या वाटेवर.

आता थोडं बाहेरचं. नाव चुकलं की काय होतं याच्या दोन गोष्टी आम्ही वाचल्या. पहिली आफ्रिकेतली, तशी हसण्यावारी नेण्यासारखी.

आफ्रिकेच्या उत्तर आणि पूर्व भागात कोल्हे आहेत, अगदी आपल्या सोनेरी कोल्ह्यासारखे. तोच आकार, तोच रंग, तशीच शेतात उंदीर धरायची सवय. कुणी कुणी कवटी पाहून शंका काढली होती, पण पुस्तकात तो कोल्हाच राहिला. २०११ साली इथिओपियातल्या काही कोल्ह्यांचा डीएनए वाचला, तर तो कोल्ह्यापेक्षा लांडग्याजवळ जाणारा निघाला. २०१५ साली आणखी मोठ्या प्रमाणावर तपासणी झाली आणि कळलं की आफ्रिकेतला तो सोनेरी कोल्हा आणि आपल्या आशियातला सोनेरी कोल्हा यांच्या वाटा दहा लाखांहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्यात. आता त्याला आफ्रिकी सोनेरी लांडगा म्हणतात. सारख्या रानात, सारखं खाऊन, सारखं जगून दोघं सारखे दिसायला लागले, एवढंच. दीडशे वर्षांहून अधिक काळ मोठमोठे विद्वान फसले. तेव्हा पंचनाम्याला आलेल्या एका साहेबांवर आम्ही किती रागवायचं?

दुसरी गोष्ट अमेरिकेतली, आणि ती हसण्यासारखी नाही.

अमेरिकेच्या आग्नेय भागात तांबडा लांडगा होता. जंगलं तोडली गेली, लांडगे मारले गेले, आणि उरलेल्या थोड्यांना जोडीदार मिळेना. त्याच सुमाराला पश्चिमेकडून कायोटी नावाचं, आपल्या कोल्ह्यासारखं जनावर त्या भागात पसरत आलं. लांडगा, कुत्रा, कायोटी, आपला सोनेरी कोल्हा, या सगळ्यांत गुणसूत्रांची संख्या सारखीच आहे, ७८. त्यामुळे त्यांची आपसात वीण होऊ शकते. खोकडाची गुणसूत्रं वेगळी, म्हणून त्याचं कुणाशी जुळत नाही. जोडीदार न मिळालेले तांबडे लांडगे कायोटींशी जोड्या जमवू लागले आणि पिल्लं मिसळीची होऊ लागली.

शेवटी १९७३ पासून सरकारनं टेक्सास आणि लुइझियानाच्या किनाऱ्यावर मोहीम काढली. चारशेच्या वर जनावरं पकडली. तेव्हा डीएनए वाचायची सोय नव्हती. कवटीचं माप, वजन, आवाज, यावरून निवड केली. ४३ जनावरं लांडगा म्हणून पैदास केंद्रात पाठवली. तिथं पिल्लं झाली, आणि काही पिल्लं कायोटीसारखी निघाली, म्हणजे आईबापातच मिसळ होती. ती सगळी वगळली. उरले १७. त्यातल्या तिघांची पैदास झाली नाही. आज जगात जेवढे तांबडे लांडगे आहेत ते सगळे त्या १४ जणांची नातवंडं-पतवंडं. १९८० साली ही जात रानातून संपल्याचं जाहीर झालं. १९८७ पासून नॉर्थ कॅरोलायनात काही पुन्हा सोडले.

मग डीएनए आला आणि घोळ वाढला. १९९१ साली आईकडचा मजकूर वाचला, तर त्यात काही कायोटीसारखा, काही लांडग्यासारखा. झालं! लोक विचारू लागले, ही जर मिसळच असेल तर तिच्यावर सरकारचा पैसा कशाला? तिथल्या कायद्याचं संरक्षण जातीला आहे. जातच नाही म्हटल्यावर संरक्षण कशाला? जवळपास तीस वर्षं हा वाद चालला. २०१९ साली तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या समितीनं सगळा पुरावा तपासून सांगितलं की तांबडा लांडगा ही वेगळी जात धरायला आधार आहे. त्याच्या आदल्या वर्षी टेक्सासच्या गॅल्व्हस्टन बेटावर आणखी एक गोष्ट घडली होती. तिथल्या एका छायाचित्रकाराला बेटावरचे कायोटी जरा वेगळेच वाटले. रस्त्यावर गाडीखाली मेलेल्या जनावरांचे तुकडे त्यानं जपून ठेवले आणि विद्यापीठाला पाठवले. त्यात तांबड्या लांडग्याचा मजकूर निघाला, आणि काही अक्षरं तर अशी की जी त्या १४ जणांच्या वंशातही राहिलेली नाहीत. संपलं म्हणून ज्याचं सुतक धरलं, ते कायोटीच्या अंगात जपलेलं सापडलं.

हे वाचताना आमच्या गटात दोन मतं पडली. एक म्हणाली, "मिसळ झाली तर बिघडलं काय? जगतंय ना जनावर." दुसरी म्हणाली, "थोडे उरलेत म्हणूनच मिसळ होते. हजारांत असते तर कशाला कायोटीच्या दारात गेले असते?" आम्हाला दुसरीचं म्हणणं पटलं. मिसळीपेक्षा ती का झाली हे बघायला हवं.

कारण तेच आता आपल्या दारात आलंय. पुण्याच्या भोवतीच्या माळावर लांडग्यांवर नजर ठेवणाऱ्या लोकांना काही लांडगे नेहमीपेक्षा वेगळ्या रंगाचे दिसले. पुण्याची द ग्रासलँड्स ट्रस्ट ही संस्था, आणि बेंगळुरूच्या दोन संशोधन संस्था, एट्री आणि एनसीबीएस, यांनी मिळून नमुने तपासले. २०२३ साली त्यांनी जाहीर केलं की ही जनावरं लांडगा आणि कुत्रा यांच्या मिसळीची आहेत. भारतात डीएनएच्या पुराव्यानं असं सिद्ध झाल्याची ही पहिलीच नोंद. त्यात एक अडचण आहे, ती आता तुमच्या लक्षात येईल. आई लांडगी आणि बाप कुत्रा असेल, तर पिल्लाचा आईकडचा उतारा शुद्ध लांडग्याचाच निघणार. तेवढाच वाचला तर मिसळ सापडायचीच नाही. म्हणून संपूर्ण मजकूर वाचावा लागतो.

माळावर कुत्रे वाढलेत हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवेत! पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, मेलेली जनावरं, लग्नाचं उरलेलं अन्न, सगळं गावाबाहेर टाकलं जातं. त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसल्या जातात. त्याच टोळ्या शेळ्यांवर येतात, त्याच रात्री लांडग्यांच्या वाटेवर फिरतात. नुसती मिसळ नाही, रोगही जातो. इथिओपियाच्या बाले डोंगरात एक दुर्मीळ लांडगा आहे, जगात पाचशेच्या आसपास उरलेला. तिथं गुराख्यांच्या कुत्र्यांकडून पिसाळण्याचा रोग लांडग्यांत जाऊन कळपच्या कळप मेले. तेव्हापासून तिथं कुत्र्यांना लस टोचायची मोहीम चालते.

आता मावशींच्या प्रश्नाकडे येऊ. युरोपात काही देशांत मेलेल्या मेंढीच्या जखमेवरून कापसाच्या बोळ्यानं लाळ टिपून घेतात. चावणाऱ्याच्या लाळेत त्याच्या पेशी असतात. प्रयोगशाळेत वाचलं की कळतं, लांडगा होता की कुत्रा. जर्मनीत तर त्यासाठी एक ठरलेली प्रयोगशाळाच आहे, देशभरातले नमुने तिथं जातात. मात्र लाळ ताजी असावी लागते. उन्हापावसात, कावळ्या-कुत्र्यांनी तोंड लावल्यावर, ती उपयोगाची राहत नाही.

आपल्याकडे पंचनामा होतो तो दातांचे व्रण आणि पाऊलखुणा बघून. लांडगा सहसा मानेला, गळ्याला धरतो. कुत्र्यांची टोळी जिथं मिळेल तिथं, मागच्या पायांना, पोटाला, कानांना चावते आणि पुष्कळदा खात नाही. पण हे सहसा झालं. तरणा, शिकाऊ लांडगाही वेडावाकडा चावतो. म्हणून आम्ही गटात एवढं ठरवलं की कुणाचं जनावर गेलं तर आधी ते हलवायचं नाही. वर पाटी किंवा डालगं झाकून ठेवायचं, म्हणजे गावातले कुत्रे तोंड लावणार नाहीत आणि पाऊलखुणा मोडणार नाहीत. मानेचा, पायांचा, जमिनीवरच्या ठशांचा मोबाइलवर फोटो काढायचा, शेजारी काडेपेटी ठेवून, म्हणजे माप कळतं. मग लगेच वन विभागाला कळवायचं. पंचनाम्यावर सही करायच्या आधी तो मोठ्यानं वाचून घ्यायचा, आणि जनावराचं नाव पटलं नाही तर आपलं म्हणणं त्यातच लिहून घ्यायला सांगायचं.

ग्रामसभेतही आम्ही दोन विषय दिलेत. पोल्ट्रीची घाण माळावर न टाकता खड्ड्यात पुरायची, आणि गावातल्या कुत्र्यांना लस व नसबंदी. पहिला मंजूर झाला. दुसऱ्यावर एक सदस्य हसून म्हणाले, "आता बायका कुत्र्यांची पण कुटुंब नियोजनाची शिबिरं घेणार का?" आम्ही म्हटलं, घेऊ की, तुम्ही कुत्रे धरून आणा. विषय पुढच्या सभेवर गेलाय.

मावशींना भरपाई मिळाली नाही. गटानं त्यांचे हप्ते सहा महिने पुढे ढकलले आणि एक पाठ घेऊन दिली, ती आता गाभण आहे. गोठ्याला त्यांनी कूड काढून जाळी मारली. हे भाषण लिहून झाल्यावर आम्ही त्यांना वाचून दाखवलं. सगळं शांतपणे ऐकलं त्यांनी. आठ लाख वर्षं, चार लाख वर्षं, आईकडचा उतारा, सगळं. मग म्हणाल्या, "ते सगळं खरं असेल ताई. पण माझ्या शेळीच्या मानेवर कुणाचे दात होते?"

शेळ्या त्याच दिवशी दुपारी पुरल्या होत्या.